चार अधिकारी, तीन बॅलेट युनिट आणि एक मामा

परभणी जिल्ह्यात आचारसंहिता लागली की दोन गोष्टी एकदम वाढतात. एक, गावोगावचे पुढारी आणि दोन, सरकारी कर्मचाऱ्यांचे आजार. कालपर्यंत जो माणूस दोन-दोन पायऱ्या गाळत चहाला पळायचा, त्याच्या मणक्यात अचानक गॅप निघतो. कुणाची शुगर चढते, कुणाचा बीपी उतरत नाही, कुणाच्या सासूबाई अत्यवस्थ होतात. एखाद्याच्या मुलीचं लग्न नेमकं मतदानाच्या आदल्या दिवशी निघतं. मुलगी आठवीत आहे हे अख्ख्या ऑफिसाला ठाऊक असतं, पण अर्ज तपासणाऱ्याला नसतं, एवढ्याच आशेवर तो बिचारा रांगेत उभा असतो. निवडणूक शाखेसमोरची ही रांग पाहून नवख्या माणसाला प्रश्न पडावा, की एवढी आजारी माणसं रोज जिल्हा चालवतात तरी कशी?

आणि एवढं करूनही ड्युटी सहसा रद्द होत नाही. आदेशाच्या तळाशी लोकप्रतिनिधित्व अधिनियम १९५१ मधलं कलम १३४ छापलेलं असतं. त्या कायद्यातली बाकीची कलमं वकिलांना माहीत. कामात कसूर केल्यास कारवाई सांगणारं हे एक कलम मात्र शिपायापासून प्राचार्यापर्यंत सगळ्यांना तोंडपाठ असतं. मग मणका आपोआप जागेवर येतो, सासूबाई उठून बसतात आणि माणूस पिशवीत टॉवेल, टॉर्च आणि मच्छरची कॉइल भरायला लागतो.

माझं म्हणणं असं आहे, की नोकरीतल्या ताणात माणूस माणसाला कसा सांभाळतो हे पाहायचं असेल तर ऑफिसात पाहू नये. मतदान केंद्रावर पाहावं.

कारण ऑफिसात हे काम आता तज्ज्ञांकडे गेलंय. हल्ली कुठंही ताणतणाव व्यवस्थापनाचं व्याख्यान होतं आणि ते हमखास मार्चच्या शेवटच्या आठवड्यात होतं, कारण त्या व्याख्यानाचा निधीसुद्धा ३१ मार्चच्या आत खर्ची टाकायचा असतो. कोषागारात बिलं अडकलेली, वरून दर अर्ध्या तासाला ‘माहिती तात्काळ सादर करा’चा निरोप, आणि अशा वेळी सगळ्या स्टाफला हॉलमध्ये बसवून पाहुणे म्हणतात, ‘डोळे मिटा. दीर्घ श्वास घ्या. तुम्ही समुद्रकिनारी आहात.’ आता परभणीच्या माणसाला डोळे मिटल्यावर समुद्र कसा दिसणार? त्याला फार तर येलदरीचं धरण दिसतं, आणि मार्चअखेर म्हटल्यावर त्यातला पाणीसाठा दिसतो. म्हणजे टेन्शन उलट वाढतंच. त्यातून मागच्या रांगेतला आमचा लेखापाल डोळे मिटल्या मिटल्या घोरायला लागतो. अख्ख्या व्याख्यानाचा खरा लाभार्थी तोच एक.

निवडणुकीत असं काही नसतं. तिथं कुणी तुम्हाला तणावमुक्त करत नाही. तिथं तुम्हाला फक्त माणसं देतात.

ती देण्याची पद्धतही पाहण्यासारखी आहे. सरकारी भाषेत तिला ‘सरमिसळ’ म्हणतात. जिल्ह्यातल्या सगळ्या कर्मचाऱ्यांची नावं संगणकात घालून टप्प्याटप्प्यानं घुसळतात. कोण निवडलं गेलं ते आधी ठरतं, मग कुणाच्या पार्टीत कोण ते, आणि पार्टीला केंद्र कोणतं हे अगदी शेवटी. (मतदान पथकाला आमच्याकडे सगळे पार्टी म्हणतात. या पार्टीत खायला मिळेलच असं नाही.) ही संगणकानं जमवलेली सोयरीकच. पत्रिका नाही, मानपान नाही, बैठक नाही. एकदम साहित्यवाटपाच्या मांडवातच गाठ. गंगाखेडचे प्राध्यापक, मानवतचे बँकवाले, सेलूच्या शिक्षिका आणि पूर्णेचा शिपाई अशी आयुष्यात एकमेकांचं तोंड न पाहिलेली माणसं एका बाकावर आणून बसवतात आणि सांगतात, आता उद्या रात्रीपर्यंत तुम्ही एकमेकांचे.

त्याआधी प्रशिक्षण असतं. एका सभागृहात पाचशे माणसं, पुढं पडदा, पडद्यावर बारीक अक्षरं आणि एक माईक जो फक्त ‘हॅलो, चेक’ एवढंच स्पष्ट बोलतो. इथं आपल्याला धीर देणारी माणसं पहिल्यांदा भेटतात. त्यातला एक प्रकार फार घातक. तो खांद्यावर हात ठेवून म्हणतो, ‘काही अवघड नसतं हो. मागच्या वेळी आमच्या शेजारच्या बूथवर एकाची क्लिअरचं बटण दाबायचं राहिलं, सस्पेंड झाला; बाकी काही नाही.’ दुसरा प्रकार अनुभवी माणसाचा. त्यानं जुन्या पत्र्याच्या पेटीच्या काळापासून निवडणुका केलेल्या असतात, आणि तुम्ही व्हीव्हीपॅटची वायर कुठं लावायची विचारलं तरी तो पेटीचीच गोष्ट सांगतो. तिसरा प्रकार काहीच बोलत नाही. तो तुमच्या पुस्तिकेत महत्त्वाच्या पानाला कोपरा दुमडून देतो. हा तिसरा माणूस आपल्या पार्टीत यावा अशी प्रत्येकाची मनोमन प्रार्थना असते.

२०२४ ची लोकसभा घ्या. २६ एप्रिल, शुक्रवार, दुसरा टप्पा. राज्यातल्या आठ मतदारसंघांत त्या दिवशी मतदान होतं, त्यात परभणी. जिल्ह्यातले जिंतूर, परभणी, गंगाखेड, पाथरी हे चार विधानसभा मतदारसंघ आणि जालन्याकडचे परतूर, घनसावंगी मिळून ही लोकसभेची जागा होते. उमेदवार होते ३४. एका बॅलेट युनिटवर सोळाच नावं बसतात. चौतीस आणि वर नोटा, म्हणजे पस्तीस बटणं. दोन युनिटांवर बत्तीस उमेदवार बसले आणि उरलेले दोन उमेदवार व नोटा अशा तिघांसाठी तिसरं युनिट आलं. एप्रिल अखेरीला आमच्याकडे पारा चाळिशी सहज ओलांडतो. त्या उन्हात मांडवापासून एसटीपर्यंत तिघांसाठीचं ते युनिट उचलून नेताना लोकशाहीचं वजन नेमकं किती, हे खांद्याला कळतं. तरी आपण सुखी म्हणायचं. पहिल्या दोन सार्वत्रिक निवडणुकांत प्रत्येक उमेदवाराची वेगळी मतपेटी असायची. त्या हिशेबानं प्रत्येक केंद्रावर ३४ पेट्या न्याव्या लागल्या असत्या आणि पेट्या ठेवल्यावर खोलीत मतदाराला जागा उरली नसती.

आमच्या पार्टीचे केंद्राध्यक्ष ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवणारे. पहिले मतदान अधिकारी बँकेतले कॅशियर. दुसऱ्या अधिकारी जिल्हा परिषद शाळेच्या मॅडम. त्यांच्याकडे शाई आणि नोंदवही. तिसरा मी, कंट्रोल युनिटवर. आणि शिपाई म्हणून पाटबंधारे खात्यातले, रिटायरमेंटला टेकलेले एक मामा. मामांचं नाव आदेशावर होतं, पण पहिल्या पाच मिनिटांत ते मामा झाले आणि पुढं त्यांना नावानं कुणी हाक मारली नाही.

साहित्य ताब्यात घेताना यादी ताडून पाहायची असते. त्या यादीत काय नसतं? मेणबत्ती, काडेपेटी, लाख, दोरा, ब्लेड, टाचण्या, डिंक, पितळी शिक्का, रबरी शिक्का, हिरवी सील, स्पेशल टॅग, पट्टीची सील आणि लिफाफे. लिफाफ्यांतही सांविधिक आणि असांविधिक असे दोन वर्ग. हे दोन शब्द ऐकल्यावर आमच्या केंद्राध्यक्षांचा चेहरा उतरला. ज्या माणसानं आयुष्यभर पोरांना कॅल्क्युलस शिकवलं तो लिफाफ्यांच्या ढिगाकडे पाहून म्हणाला, ‘मला हे जमणार नाही हो.’ कॅशियर साहेब म्हणाले, ‘सर, लिफाफे माझ्याकडं द्या. तुम्ही फक्त सही करा.’ मॅडम म्हणाल्या, ‘डायरी मी लिहिते. आमचं आयुष्य रकाने भरण्यातच चाललंय.’ आणि मामा म्हणाले, ‘सर, कामून एवढं टेन्शन घेऊ लाले? मशीन काय पळून चाललंय का? आधी दोन घास खाऊन घ्या, मग निवांत टेन्शन घ्या.’

त्या वेळी आमची ओळख होऊन तासही झाला नव्हता. ऑफिसात ‘हे माझ्याकडं द्या’ ऐकायला माणसाची अर्धी नोकरी जाते आणि पुष्कळदा ते वाक्य ऐकू येतं ते निरोपसमारंभात, तेही चार्ज घेणाऱ्याच्या तोंडून.

असं का होत असेल, यावर मी विचार केलाय. ऑफिसात प्रत्येकाचं टेबल वेगळं, फाइल वेगळी, म्हणून भीतीही वेगळी. तुमचं ऑडिट निघालं तर माझं काय जातं? उलट साहेब तुमच्यावर ओरडत असताना माझ्या टेबलापर्यंत यायला त्यांना उशीर होतो. मतदान केंद्रावर मात्र भीती सामाईक. हिशेब एका मतानं चुकला तर चौघंही रात्रभर बसणार. स्वार्थ आणि परमार्थ एकाच एसटीतून प्रवास करतात, आणि सीट एकच असल्यामुळे एकमेकांच्या मांडीवर बसतात.

गाव जिंतूरकडच्या डोंगरातलं. केंद्र म्हणजे शाळेची पत्र्याची खोली. खोलीत पाऊल टाकताच मॅडम एकदम घरी आल्यासारख्या वावरायला लागल्या. फळ्यामागं स्विच असणार, माठ व्हरांड्यात असणार, कपाटाची किल्ली दाराच्या चौकटीवर असणार, हे सगळं त्यांनी न पाहता सांगितलं आणि सगळं तसंच निघालं. जिल्हा परिषदेच्या शाळा कुठंही जा, किल्ली चौकटीवरच. पोलीस पाटील आले, कोतवाल आला, बीएलओ म्हणून अंगणवाडीच्या ताई आल्या. पुढाऱ्याच्या घरचं जेवण घ्यायचं नाही हा नियम. म्हणून बचत गटाच्या बायकांनी पैसे घेऊन पिठलं, भाकरी आणि ठेचा करून दिला. मामांनी घरून आणलेले धपाटे काढले. कॅशियर साहेबांच्या डब्यात काकडी होती. डबे उघडल्यावर कोण वर्ग दोनचा आणि कोण वर्ग चारचा हे पाहायची सोय राहिली नाही, कारण ठेच्यानं चौघांच्याही डोळ्यांत एकाच वेळी पाणी आलं. मामा तेवढे शांत होते.

मॅडम ताईंच्या घरी झोपायला गेल्या. जाताना उद्याचे फॉर्म ओळीनं लावून, प्रत्येकावर पेन्सिलीनं आकडे टाकून गेल्या. केंद्राध्यक्षांना झोप येईना. रात्री दीड वाजता ते उठून मशीनच्या पेट्या मोजत होते. पेट्या तेवढ्याच होत्या. मग कॅशियर साहेब उठले आणि न बोलता त्यांच्याबरोबर पुन्हा मोजल्या. ‘बँकेत रात्री मलाही असंच होतं सर,’ ते म्हणाले, ‘कॅश बंद करून घरी आल्यावर वाटतं, ती शंभराची एक गड्डी दोनदा मोजली का?’ धीर देण्याची ही त्यांची पद्धत. मी तुमच्याहून धीट आहे, असं सांगून कुणाचा धीर वाढत नाही. मीही तेवढाच घाबरट आहे, हे कळलं की वाढतो. दोन घाबरट माणसं मग शेजारी शेजारी झोपली आणि घोरण्यातही एकमेकांना साथ देत राहिली.

मतदान सकाळी सातला. त्याआधी दीड तास, म्हणजे साडेपाचला अभिरूप मतदान. त्याला मतदारांपासून पंतप्रधानांपर्यंत सगळे मॉक पोलच म्हणतात. उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर किमान पन्नास मतं टाकायची, प्रत्येक उमेदवाराला आणि नोटालाही मत पडलं पाहिजे, मग निकाल काढायचा, व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या मोजून ताळा पाहायचा आणि सगळं पुसून मशीन कोरं करायचं. क्लोज, रिझल्ट, क्लिअर. या तीन शब्दांची भीती इतकी, की आमच्याकडे काही जण प्रशिक्षणापासून मतदानापर्यंत त्यांचा जप करतात.

चिठ्ठ्या मोजल्या तर पन्नासपेक्षा जास्त. पुन्हा मोजल्या, तरी जास्त. केंद्राध्यक्षांच्या कपाळावर घामाची रांग लागली. मतदारांची अजून लागायची होती. प्रतिनिधींपैकी एकानं मोबाईल बाहेर ठेवल्याची खंत व्यक्त केली. तेवढ्यात मॅडम शांतपणे म्हणाल्या, ‘सर, मशीन चालू होताना स्वतःच्या काही चिठ्ठ्या छापतं. त्यावर उमेदवाराचं नाव नसतं. त्या बाजूला काढा.’ काढल्या. उरल्या एकोणपन्नास. आता गणिताच्या माणसाची अवस्था काय झाली ते मी सांगत नाही. शेवटी पन्नासावी चिठ्ठी कॅशियर साहेबांच्या घामेजल्या मनगटाला चिकटलेली निघाली. तिचा शोध मामांनी लावला, आणि तो लावताना ते चहाचे कप वाटत होते. पुढं दिवसभर ज्याला मन खचल्यासारखं व्हायचं तो एकदा कॅशियर साहेबांच्या मनगटाकडे पाहायचा आणि हसायचा. बिचाऱ्यांनी दुपारपासून फुलबाह्यांचा शर्ट घातला.

मग सात ते सहा. या अकरा तासांत मला जे दिसलं त्याला पुस्तकात काय म्हणतात ते माहीत नाही. पण ते असं असतं: मॅडमना दहा मिनिटं ताईंच्या घरी जाऊन यायचं आहे, हे त्या बोलत नाहीत, कॅशियर साहेब न विचारता शाईची बाटली आपल्याकडं ओढतात. शाईचं एक लक्षात ठेवा. १९६२ च्या निवडणुकीपासून वापरात असलेली ही म्हैसूरची शाई मतदाराच्या डाव्या तर्जनीवर लावायची असते, पण नवशिक्याच्या हातात ती आधी स्वतःच्या दहाही बोटांवर लागते. त्या दिवशी बँकेच्या त्या सभ्य गृहस्थानं दहा मिनिटांत इतकी बोटं रंगवून घेतली, की सोमवारी काउंटरवर लोकांनी त्यांना बोगस मतदानाचा सूत्रधार समजलं असेल.

दुपारी पत्रा तापला. पंखा गार वाऱ्याचं आश्वासन देत फिरत होता. आचारसंहितेत आश्वासनं चालत नाहीत हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मामांनी दस्ती भिजवून आधी केंद्राध्यक्षांच्या डोक्यावर टाकली, मग माझ्या. एक म्हातारी काठी टेकत आली. मशीनपुढं उभी राहून तिनं मोठ्यानं विचारलं, ‘कोणतं दाबू रे लेकरांनो?’ चौघंही एकदम म्हणालो, ‘सांगू नका, विचारूही नका!’ म्हातारी मॅडमना म्हणाली, ‘तुमचं सगळ्यांचं चांगलं जमतं बाई. एका घरचे का?’ मॅडम म्हणाल्या, ‘हौ आजी.’

मध्येच एक तरुण मतदार यादीत नाव नाही म्हणून तणतणत आला. त्याचा आवाज चढला तसा केंद्राध्यक्षांचा उतरला. इथं मामा कामाला आले. त्यांनी त्या पोराला आधी बाटलीतलं पाणी दिलं, मग त्याच्या बापाचं नाव विचारलं, मग आजोबांचं. पाटबंधाऱ्यात कालव्यावर पाळीचं पाणी सोडण्यात उभी हयात गेलेली. भांडायला आलेल्या माणसाला कसं घ्यायचं ते मामांना शिकवायला कुठलं प्रशिक्षण पुरणार? आजोबांपर्यंत ओळख पोचल्यावर राग टिकत नाही. पोराचं नाव शेजारच्या खोलीतल्या दुसऱ्या केंद्राच्या यादीत निघालं आणि जाताना तो आमच्यासाठी थंड पाण्याचा जार सांगून गेला. पैसे आम्ही दिले. कलम १३४ आठवत होतं.

दर दोन तासांनी वर आकडा कळवायचा असतो. क्षेत्रीय अधिकारी मध्ये एकदा जीप घेऊन आले, दारातूनच ‘सगळं ठीक?’ म्हणाले आणि उत्तर ऐकण्याआधी पुढच्या गावाला गेले. साहेब लोकांनी ‘सगळं ठीक ना’ असं विचारलं की त्याचं उत्तर ‘हो सर’ एवढंच असतं. मामांनी ‘जेवलास का?’ विचारलं की खरं उत्तर द्यावं लागतं, कारण ते डबा उघडून बघतात.

सहा वाजता रांगेत असलेल्या प्रत्येकाला चिठ्ठी द्यायची, आणि ती शेपटाकडून द्यायला सुरुवात करायची म्हणजे मागून कुणी घुसत नाही. हे काम आमच्या केंद्राध्यक्षांनी केलं. पहाटे चिठ्ठ्यांनी ज्याला रडवलं होतं तोच माणूस आता चिठ्ठ्या वाटत ताठ मानेनं शेवटापासून पुढं येत होता. नंतर नोंदवलेल्या मतांचा, म्हणजे ‘सतरा सी’ नमुन्याचा हिशेब पहिल्या फटक्यात जुळला. नोंदवहीतला आकडा आणि मशीनवरचा आकडा एकच. प्राध्यापक महाशयांनी मला मिठी मारली. एरवी त्यांच्या कॉलेजात पहिल्या आलेल्या पोरालाही ते हस्तांदोलनापलीकडे जाऊ देत नसावेत.

पण खरी परीक्षा रात्री, साहित्य जमा करताना. शेकडो पार्ट्या, एकच मांडव, आणि टेबलामागं बसलेला माणूस चूक शोधण्यासाठीच जन्माला आलेला. ‘इथं सही नाही. हा लिफाफा त्यात घाला. तो फोडून परत चिकटवा.’ इथं आमचाच नाही, सगळ्यांचाच आपपरभाव गळून पडला. पालमच्या पार्टीनं आम्हाला डिंक दिला, आम्ही सोनपेठच्या पार्टीला मेणबत्ती दिली. एका अनोळखी केंद्राध्यक्षांचा चष्मा हरवला होता. त्यांची डायरी आमच्या मॅडमनी वाचून दाखवली, आणि त्यांनी तेवढ्यात आमच्यासाठी रांगेत जागा धरली. मध्यरात्र उलटून गेली होती, सगळ्यांच्या अंगाला पेट्रोमॅक्सचे किडे आणि लाखेचा वास, पण कुणी कुणावर खेकसलं नाही. ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ असं आमच्या गावाबद्दल लोक म्हणतात. त्या रात्री सगळ्यांचंच बिघडण्याच्या बेतात होतं, आणि सगळ्यांचंच परभणीत बनून गेलं.

मतदारसंघात मतदान झालं सुमारे बासष्ट टक्के, आणि निकाल लागला ४ जूनला. आमच्या पार्टीचा व्हॉट्सॲप ग्रुप त्याच्या आधीही चालू होता आणि नंतरही. त्यावर मामांची नात पास झाल्याचा फोटो येतो, केंद्राध्यक्षांची कोडी येतात, कॅशियर साहेब मार्चएंडला फक्त हात जोडल्याचं चित्र टाकतात आणि मॅडम सकाळी सहा वाजता गुलाबाचं फूल. या फुलाला मी आधी वैतागायचो. आता एखाद्या दिवशी आलं नाही, तर फोन करून विचारतो.

आता मूळ मुद्द्यावर येतो. आमच्या जिल्ह्यात गंगाखेड आहे, आणि गंगाखेडच्या जनाबाईला सात शतकांपूर्वी सहकारी कसा असावा हे कळलं होतं. नामदेवांच्या घरी राबणारी ती. दळण, कांडण, पाणी, शेणी. सगळं काम तिच्या एकटीवर. लोकांची श्रद्धा अशी, की पंढरीचा राजा तिच्यासमोर जात्याला येऊन बसायचा आणि खुंटा धरायचा. विठ्ठलानं तिला समुद्रकिनारा डोळ्यांपुढं आणायला सांगितला नाही. तुझ्या अडचणी सविस्तर नमूद करून प्रस्ताव सादर कर, असंही म्हटलं नाही. दळण अर्धं केलं, झालं. देवाला जे कळलं ते आपल्या आस्थापना शाखेला अजून का कळत नाही, हा प्रश्न मी योग्य त्या मार्गानं सादर करायच्या विचारात आहे.

तोवर एक करता येईल. त्यासाठी परिपत्रकाची वाट पाहायला नको, की आचारसंहितेचीही. उद्या ऑफिसात गेल्यावर शेजारच्या टेबलाकडे पाहा. तिथं एक माणूस असेल ज्याच्यापुढं फाइलींचा ढीग आहे, चहा गार झालाय आणि तो विनाकारण स्टेपलरवर चिडतोय. त्याला ‘टेन्शन घेऊ नका’ म्हणू नका. ते त्याला त्याच्या डॉक्टरनं, बायकोनं आणि व्याख्यात्यानं आधीच सांगितलंय. त्याच्या ढिगातल्या वरच्या चार फाइली उचला आणि आपल्या टेबलावर आणा. तो आधी संशयानं पाहील, कारण फाइली कमी होताना त्यानं कधी पाहिलेल्या नाहीत. पाहू द्या. आणि पुढच्या निवडणुकीत ड्युटी आली तर मणक्याचा एक्स-रे काढायला पळू नका. जा. मामा बहुतेक तुमच्याच पार्टीत येतील.